शेड नंबर दोनची सावड

या अंकात नोकरीचे अनुभव लिहिणारे बहुतेक सगळे रिटायर्ड असतात, हे मला माहिती आहे. गेल्या वर्षी एका तलाठी काकांनी लिहिलं होतं, त्याआधी एका एसटी कंट्रोलरनी. माझं तर प्रोबेशन संपल्याचे पेढे वाटून फार दिवस झाले नाहीत. पण संपादक मॅडम केडगावला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात आणि ही गोष्ट मी त्यांना जिन्यात उभी राहून इतक्यांदा सांगितली की शेवटी त्या म्हणाल्या, "ऋतुजा, लिहून दे बाई, म्हणजे मला भाजी चिरता येईल." तर लिहिते. मी फार भराभर टाइप करते, त्यामुळे वाक्यं लांबली तर सांभाळून घ्या.

मी सुप्याच्या एमआयडीसीत कडबाकुट्टीच्या कारखान्यात एक्स्पोर्ट डिपार्टमेंटला आहे. डिपार्टमेंट म्हणजे मी, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा, ज्यात न्यूझीलंडच्या जागी कूलर आलाय. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, कडबाकुट्टी म्हणजे चारा बारीक करायचं मशीन. एका बाजूनं वैरण घालायची, आतले दोन दातेरी रोलर ती ओढून घेतात, पुढं चाकावरची पाती तिचे तुकडे करतात, आणि गाय ते न सांडता खाते. एवढंच. यात एक्स्पोर्ट काय करायचं, असं मला माझ्या आत्यानं पण विचारलं होतं.

आता माझं काम. लोकांना वाटतं परराष्ट्र धोरण म्हणजे टीव्हीवर दोन देशांचे मोठे लोक झेंड्यांसमोर हात मिळवतात ते. ते हात मिळवून आपापल्या विमानात बसतात, आणि मग त्याचं जे काय व्हायचं ते माझ्या कॉम्प्युटरवर होतं. कुठल्या देशानं कुठल्या मालावर किती कर लावला, कुठलं बंदर चालू, कुठलं नाकं बंद, कुठल्या समुद्रातून जहाजं जात नाहीयेत आणि म्हणून आफ्रिकेला वळसा घालून चाललीयेत, हे सगळं मला सकाळी डबा ठेवायच्या आधी बघावं लागतं. दोन देश भांडले की आमच्या गेटवर ट्रक उभा राहतो. दोन देशांचं जमलं की तोच ट्रक निघतो. सुप्यात बसून जग किती जवळ आहे हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

कारखान्याचे मालक तात्या. पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यातले, शिक्षणानं फिटर, अजूनही शर्टाच्या खिशात पान्याशेजारी चष्मा. त्यांची दोन शेड आहेत. शेड नंबर एकमध्ये देशी मॉडेल बनतं, बिडाचं, चौघांनी उचलावं लागेल असं. शेड नंबर दोन खास अमेरिकेसाठी बांधलेलं. तिकडं लोक हौसेनं शेळ्या आणि घोडे पाळतात, त्यांना छोटं, हलकं, पांढरंशुभ्र मॉडेल लागतं, आवाज न करणारं. शेड दोनमध्ये सगळ्या बायकाच आहेत आणि त्यांच्या प्रमुख संगीताताई साळवे. त्या आधी एमआयडीसीत सगळीकडे कंत्राटावर फिरल्या होत्या, कधी इथं, कधी तिथं, सहा महिने झाले की गेटपास बंद. इथं त्या आणि त्यांची लाइन परमनंट झाली. त्यांच्या गणवेशाच्या खिशावर नाव शिवलंय. ते नाव त्यांनी स्वतः घरी परत जाड दोऱ्यानं शिवून घेतलं, कारण आधीचं लांबून दिसत नव्हतं.

आणि मग अमेरिकेनं आपल्या मालावरचा कर वाढवला.

तिकडच्या आमच्या गिऱ्हाइकाचं नाव डेव्हिड. चांगला माणूस. त्याचा मेल आला की सॉरी, या किमतीत मला परवडत नाही, ऑर्डर थांबवतोय, तुमच्या मशीनबद्दल तक्रार काहीच नाही. मी तो मेल तात्यांना मराठीत सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हंजी आपली चूक काय?"

"काहीच नाही तात्या."

"मग सुधारायचं काय?"

चुकलं असतं तर दुरुस्त केलं असतं, तात्यांना तेवढंच येतं आणि ते फार चांगलं येतं. थोड्या दिवसांनी ते म्हणाले, दुसरी ऑर्डर मिळाली तर ठीक, नाहीतर शेड दोन भाड्यानं देतो, पाण्याच्या बाटल्यांवाला मागतोय. बायकांना शेड एकमध्ये घेणं जमणार नव्हतं, तिथं आधीच माणसं पुरेशी होती. म्हणजे परत कंत्राट.

संगीताताई जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडं आल्या. "ऋतू, ते अमेरिकेचं तात्पुरतं हाय का कायमचं?"

हाच प्रश्न तेव्हा टीव्हीवर टाय लावलेले लोक एकमेकांना विचारत होते आणि त्यांनाही येत नव्हता. मी म्हटलं, "ताई, मी दुसरं गिऱ्हाईक शोधते."

"शोध. पर लवकर शोध. तात्या भाडेकरूला शेड दाखवून ऱ्हायलेत."

मी नकाशासमोर उभी राहिले. आमच्या टाचण्या सगळ्या लांब होत्या, अमेरिका, एक जर्मनीत, एक उगाचच ब्राझीलमध्ये. आणि शेजारी काहीच नाही. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, सगळं कोरं. म्हणजे आपण पार समुद्रापलीकडं लग्नाच्या पत्रिका वाटल्या आणि भिंतीपलीकडच्याला बोलावलंच नाही. मी तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "शेजाऱ्याला काय इकायचं? त्याचं बी आपल्यासारखंच."

"म्हणूनच तात्या. गाई पण आपल्यासारख्याच आहेत. घरामागं दोन नाहीतर तीन."

तात्या हसले नाहीत पण त्यांनी मान हलवली. तेवढं मला पुरलं.

आता यात नशीब आहे हे मी मान्य करते. त्या महिन्यात शेजारच्या देशांतल्या दूध संघांच्या लोकांचा एक अभ्यास दौरा आपल्या जिल्ह्यात येणार होता, इथले गोठे आणि दूध संकलन बघायला. देशांच्या पुढाऱ्यांची एकत्र बैठक कित्येक वर्षांत झालेली नाही, पण दूधवाले फिरत असतात, दुधाला थांबता येत नाही. दौऱ्याची बस पुण्याहून नगरला जाणार, म्हणजे आमच्या गेटसमोरून. मी दौऱ्याच्या आयोजकांना इतके फोन केले की ते माझा आवाज ओळखायला लागले. शेवटी म्हणाले, "चहाला थांबतील. फक्त चहाला."

तात्यांनी फक्त चहाला या शब्दांचा अर्थ आपल्या जिल्ह्याच्या पद्धतीनं घेतला. मांडव, सतरंजी, शाल, श्रीफळ. मी म्हटलं तात्या ते मशीन बघायला येताहेत. ते म्हणाले, "आधी मानपान, मग मशीन. पाव्हण्याला नारळ दिल्याबिगर माझ्या तोंडातून भाव निघायचा न्हाई."

बसमधून उतरलेल्यांत तीन जण महत्त्वाचे होते. नेपाळचे थापा सर, डोंगरातल्या दूध संस्थांचे प्रमुख, चालताना हात मागं बांधणारे. बांगलादेशच्या रेहाना आपा, गाई पाळणाऱ्या बायकांची मोठी सहकारी संस्था चालवणाऱ्या, फार कमी बोलणाऱ्या आणि सगळं बघणाऱ्या. आणि श्रीलंकेचे परेरा सर, चहाच्या मळ्यांकडच्या दूध संघाचे, गळ्यात चष्म्याची दोरी. भाषा म्हणजे थोडी हिंदी, थोडं इंग्रजी, बाकी हात. तात्यांनी श्रीलंकेच्या माणसाला नारळ दिला. परेरा सरांनी तो कानाशी धरून हलवला, बोटानं दोन ठिकाणी वाजवला आणि फार गंभीरपणे सांगितलं की चांगला आहे, पण तोडायची घाई झाली. मी भाषांतर केलं नाही.

मग डेमो. तात्यांनी त्यांच्या गावाहून ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या मागवल्या होत्या, पिवळ्याधमक, खणखणीत वाळलेल्या. आपल्याकडं चांगला कडबा दाखवणं हीच श्रीमंती. संगीताताईंनी बटण दाबलं, पेंढी आत गेली, बाहेर एकसारखे तुकडे. आवाज नाही, धूळ नाही. मी अभिमानानं पाहुण्यांकडं बघितलं. तिघांचे चेहरे अगदी सभ्य होते.

थापा सर वाकले, कडब्याचं एक ताट, म्हणजे धांडा, हातात घेतलं आणि विचारलं, "ये क्या है?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिघांपैकी कुणाच्याच गाईनं आयुष्यात ज्वारीचा कडबा खाल्ला नव्हता. त्यांच्याकडं पाऊस. डोंगरात ओलं गवत, मळ्यात ओलं गवत, नदीकाठी तर गवताच्या आत पाणी. आम्ही अमेरिकन मॉडेल इतकी वर्षं कडब्यावरच तपासून पाठवत होतो, कारण पारनेरात तपासायला कडबाच सहज मिळतो आणि डेव्हिडच्या शेळ्या पण वाळलेलंच खात होत्या. जगात वैरण ओली पण असते, हे या मॉडेलच्या बाबतीत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

परेरा सर नम्रपणे म्हणाले, हिरवं आहे का काही. तात्यांनी माणूस पाठवला आणि शेजारच्या बोअरवाल्याकडून हत्तीगवताचा भारा आला. संगीताताईंनी माझ्याकडं बघितलं. मी तात्यांकडं. तात्या म्हणाले, "घाला."

गवत आत गेलं, रोलरला गुंडाळलं, मोटरनं एक कण्हल्यासारखा आवाज केला आणि सगळं बंद. पांढऱ्याशुभ्र मशीनच्या तोंडातून हिरवा रस गळत होता. मला रडू येत होतं. शेडमधल्या बायकांत कुणी कुणाकडं बघेना.

आता तात्यांचं ऐका. दुसरा मालक असता तर म्हणाला असता, व्होल्टेज कमी आहे, चला चहा घेऊ. तात्यांनी शाल बाजूला ठेवली, खिशातला पाना काढला आणि पाहुण्यांसमोर मशीन उघडलं. "रोलरचे दात बारीक हायत," ते म्हणाले. "वाळल्याला चालत्यात. वल्याला न्हाई. संगीता, शेड एकमधून देशी रोलर आणा."

देशी रोलर जाड दातांचा, तो त्यात थेट बसणार नव्हताच. पण तात्यांनी आणि संगीताताईंनी तो शेजारी धरून, पट्ट्या टाकून, बोल्ट आवळून कसाबसा बसवला. मशीन दिसायला भयानक झालं, पांढऱ्या घोड्याला बैलाची मान लावल्यासारखं. बटण दाबलं. आवाज मोठा आला. पण गवत आत गेलं आणि तुकडे बाहेर पडले, रसरशीत. रेहाना आपा पहिल्यांदाच पुढं आल्या, ओंजळीत तुकडे घेतले, हुंगले आणि म्हणाल्या, "ये चाहिए."

चहाला थांबलेली बस तिथंच राहिली. आयोजक घड्याळ दाखवत होते आणि त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

पण ये चाहिए म्हणजे प्रत्येकाला वेगळं हवं होतं, हे कँटीनमध्ये बसल्यावर कळलं. थापा सर म्हणाले, मशीनचे सुटे भाग व्हायला हवेत, पाठीवरच्या टोपलीत घालून चढण चढता आली पाहिजे. रेहाना आपा म्हणाल्या, आमच्याकडं वीज जाते, डिझेल इंजिनाला पट्टा लावता आला पाहिजे. परेरा सर म्हणाले, पात्यावर झाकण हवं, नाहीतर त्यांचा संघ हातसुद्धा लावणार नाही. आणि तिघांनाही वाटत होतं की आपलंच म्हणणं मुद्द्याचं आहे, बाकीच्यांचं उगाच वजन वाढवतंय.

तात्यांनी माझ्याकडून अडचण समजावून सांगितली. नवा रोलर म्हणजे नवा लाकडी साचा, मग फाउंड्रीत ओतकाम. थोड्या नगांसाठी फाउंड्री भट्टी पेटवत नाही. तिघांची एकत्र ऑर्डर असेल तर जमेल, पण मॉडेल एकच. तीन मॉडेलं केली तर कुणालाच परवडणार नाही.

मी आयुष्यात आंतरराष्ट्रीय परिषद बघितलेली नाही, पण अशीच असणार. प्रत्येकजण चहाच्या कपाकडं बघतोय आणि कुणीच म्हणत नाही की माझं सोडतो.

तात्या मला म्हणाले, "त्यांना सावडीचं सांग."

"तात्या, सावडीला इंग्रजीत काय म्हणतात मला माहिती नाही."

"मग गोष्ट सांग. माझ्या बापाकडं एक बैल. शेजारच्याकडं एक बैल. एका बैलानं नांगर चालत न्हाई. मग दोघांचे बैल एकत्र जुंपायचे, आधी एकाचं रान, मग दुसऱ्याचं. ज्याच्या रानाला घाई त्याचं आधी. मैत्री असायलाच पायजे असं काय न्हाई. माझा बाप अन् तो शेजारी बांधावरनं भांडायचे. पर सावड मोडली न्हाई, कारण मोडली तर दोघं बी उपाशी."

मी सांगितलं, हिंदी, इंग्रजी, हात, टेबलावर दोन बिस्किटं बैल म्हणून. थापा सर मध्येच म्हणाले, "अरे, ये तो पर्म है." त्यांच्या डोंगरात याला पर्म म्हणतात, आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. परेरा सरांना थापा सरांचं बोलणं कळायला जरा वेळ लागला आणि मग ते म्हणाले अत्तम, भाताच्या लावणीला अख्खं गाव अत्तम करतं. रेहाना आपा बिस्किटाच्या बैलाकडं बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "गाँता." त्यांच्या आजोबांच्या गावात.

चार देश, चार शब्द, गोष्ट एकच. मोठमोठ्या करारांत ज्याला प्रादेशिक सहकार्य म्हणतात आणि ज्याच्यावर जाड जाड पुस्तकं येतात, ते या सगळ्यांच्या आजोबांना येत होतं.

मग फटाफट झालं. ठरलं की प्रत्येकानं आपली एक अट ठेवायची आणि बाकीचे लाड सोडायचे. झाकण सगळ्यांना, कारण संगीताताईंनी त्यांच्या भावकीतल्या एकाची दोन बोटं पात्यात गेल्याचं सांगितलं आणि मग सगळ्यांनीच माना हलवल्या. सुटे भाग होतील. इंजिनाचा पट्टा बसेल. फक्त रंगावर परत वाद व्हायला लागला, तेव्हा तात्या म्हणाले, "पांढराच. अमेरिकेच्या मशीनच्या रंगाची पावडर पडून हाय." मी भाषांतर करताना सांगितलं की पांढरा म्हणजे अलिप्त, कुठल्याच गटात नाही. परेरा सरांना ते फार आवडलं.

पहिला लॉट नेपाळचा, मग श्रीलंका, मग बांगलादेश. तिघंही घरी गेले, त्यांच्या संस्थांनी मंजुरी दिली, संगीताताईंनी लाइनची मांडणी बदलली. साचा तयार झाला. उद्या फाउंड्रीला होकार द्यायचा, आणि आदल्या दिवशी दुपारी रेहाना आपांचा फोन.

आपलं आणि त्यांचं, दोन्ही सरकारांचं बिनसलं होतं. तुम्ही बातम्यांत वाचलं असेल, सीमेच्या नाक्यांवरून काय जाईल आणि काय नाही याचे नियम दोन्हीकडून बदलायला लागले होते. त्यांचा माल रस्त्यानं जायचा होता. त्यांचा ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, नाक्यावर गाड्या उभ्या आहेत, मी नवीन माल घेणार नाही. समुद्रानं पाठवायचा तर त्यांच्या मालानं अर्धाच कंटेनर भरतो, आणि रिकाम्या जागेचं भाडं भरणं त्यांच्या संस्थेला झेपणारं नाही. शिवाय त्यांना ईदच्या आधी मशीन हवं होतं. त्यांच्या बायका कुर्बानीच्या ईदसाठी जनावरं तयार करतात, तेव्हाच वैरणीचं काम सगळ्यात जास्त.

"आमार जन्नो बाकी सब मत रोको," असं काहीतरी त्या बंगाली आणि हिंदी मिसळून म्हणाल्या, म्हणजे माझ्यासाठी बाकीच्यांचं अडवू नका. त्या बाजूला होत होत्या. फार सभ्यपणे.

पण एक बैल गेला की नांगर चालत नाही. दोघांच्या ऑर्डरवर भट्टी पेटणार नव्हती. मी तात्यांना सांगायला गेले तेव्हा ते शेड दोनमध्येच होते, संगीताताईंशी बोलत. दोघांनी ऐकलं. संगीताताई एवढंच म्हणाल्या, "त्या बाईची काय चूक?" आणि मशीनचे भाग धरून ठेवणाऱ्या जिगवर फडकं मारायला लागल्या, जिथं काहीच धूळ नव्हती.

मी जागेवर आले आणि नकाशा बघितला. राग आला होता मला, खरंच. जमिनीवरून जवळ असलेला देश लांब झाला होता. मग मी समुद्राकडं बघितलं. मुंबईहून बांगलादेशला जाणारी जहाजं कितीतरी वेळा कोलंबोला थांबतात, तिथं माल बदलतात. हे मला माहितीच होतं, रोज जहाजांची वेळापत्रकं बघते मी. परेरा सरांचा माल पण अर्धाच कंटेनर भरत होता. अर्धा आणि अर्धा.

मी तिघांना एकत्र व्हिडिओ कॉल लावला. बोलताना इतकी भराभर बोलत होते की थापा सर म्हणाले, "बहन, साँस लो." मी श्वास घेतला आणि परत सांगितलं. श्रीलंका आणि बांगलादेशचा माल एकाच कंटेनरमध्ये कोलंबोपर्यंत. तिथं परेरा सरांचा माल उतरेल, आपांचा पुढं जाईल. मोठ्या कंपन्या असं रोज करतात. आपल्यासारख्या लहानांना फक्त हे कुणी सांगत नाही.

परेरा सरांनी चष्मा लावला. म्हणाले, कोलंबोला उतरवून पुढच्या जहाजावर चढेपर्यंत आपांची मशीनं माझ्या गोडाऊनमध्ये राहतील, माझा माणूस बघेल. आणि वर म्हणाले, "अत्तम."

आता एकच अडचण होती. समुद्रानं वेळ जास्त लागतो. ईदच्या आधी पोचायचं तर आपांचा लॉट, परेरा सरांच्या लॉटसकट, सगळ्यात आधी बनायला हवा, आणि पहिला नंबर नेपाळचा. मी हे बोलायच्या आधीच थापा सर म्हणाले, आमच्याकडं दसऱ्याला हवंय, आपांच्या रानाला घाई आहे. "पहले दीदी का खेत." बस. एवढंच. रेहाना आपांनी स्क्रीनवर पदर नीट केला.

तात्या माझ्या खुर्चीमागं उभे होते. त्यांनी तिथूनच फाउंड्रीला फोन लावला. "पेटव भट्टी," म्हणाले.

नंतरचे दिवस म्हणजे माझ्या नोकरीतले सगळ्यात भारी दिवस. दोन देशांचे कागद एका कंटेनरला लागू देणार नाही असं आमचा शिपिंग एजंट तीनदा म्हणाला आणि मी तीनदा त्याला नियम वाचून दाखवला. मूळ देशाचा दाखला म्हणजे हा माल खरोखर भारतातच बनलाय असं सांगणारा कागद, तो असला की शेजारच्या देशात कर कमी लागतो. तो मी दोन्हीकडचा वेगवेगळा काढला. इकडं शेड दोनमध्ये प्रत्येक मशीन आता ओल्या हत्तीगवतावर तपासलं जायचं. त्या बोअरवाल्या शेजाऱ्यानं आमच्यासाठी अख्खा एक पट्टा गवत लावलं. शेडमधून हिरवा वास यायचा. बायका घरी गेल्या की घरातले विचारायचे, कामाला जाता का वैरणीला.

कंटेनर गेटबाहेर पडला तेव्हा तात्यांनी नारळ फोडला. कंटेनरच्या अर्ध्या भागावर श्रीलंका आणि अर्ध्यावर बांगलादेश अशा चिठ्ठ्या होत्या आणि मधे पुठ्ठ्याची भिंत. ड्रायव्हर मला म्हणाला, "ताई, एका गाडीत दोन देश, भांडणार न्हाईत ना?" मी म्हटलं, "पुण्यापर्यंत तरी नाही."

ईदच्या आधी एका सकाळी रेहाना आपांचा व्हिडिओ कॉल आला. मी लॅपटॉप उचलून पळतच शेड दोनमध्ये नेला. पलीकडं पत्र्याचा गोठा, ओली जमीन, दहाबारा बायका आणि मधे आमचं पांढरं मशीन, इंजिनाच्या पट्ट्यावर धडधडत. गवत आत, तुकडे बाहेर. लाइनवरच्या सगळ्याजणी कामं सोडून गोळा झाल्या. संगीताताई पडद्याला कान लावून ऐकत होत्या.

"पट्टा जरा ढिला हाय. सांग तिला."

मी सांगितलं. पलीकडच्या एका बाईनं पट्टा ताणला. आवाज बदलला. संगीताताईंनी मान डोलावली आणि मग म्हणाल्या, "आता गाय दाखवाया सांग."

रेहाना आपांनी मोबाईल फिरवला. एक तांबडी गाय, आमच्याकडं अजिबात लक्ष न देता खात होती.

"बारीक हाय," एक बाई म्हणाली.

"कास बघ की. कास चांगली हाय."

"किती देती म्हणावं?"

तेवढ्यात तात्या आले. "लाइन का थांबली?" म्हणाले, आणि मग त्यांनी पडदा बघितला. पुढं आले, चष्मा लावला, गाय नीट बघितली. पलीकडच्या बायका त्यांना बघून हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. तात्यांनी हात जोडले. बराच वेळ ते त्या गाईच्या तोंडाकडं बघत राहिले, ती चावत होती तसं त्यांचं तोंड पण थोडं हलत होतं.

मग त्यांनी चष्मा खिशात ठेवला.

"चला बायांनो," ते म्हणाले, "नेपाळ थांबलंय."